विहिणीचा चिमटा

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

तुळशीची लग्नं लागली आणि आमच्या चिमटा मंडळाचा सीझन सुरू झाला. काल फ्रीगंजात पहिलं लग्न गाजवलं. दुपारची पंगत बसली, जयूने ढोलक मांडीवर घेतली, शर्वरीने सूर लावला, पेटीवर मी. शब्द तर नेहमीच माझे. नवऱ्यामुलाच्या वडिलांवर हे कडवं होतं:

व्याही आले, व्याही आले, लोडाला टेकले,
मंगलाष्टक संपेस्तोवर तीनदा घोरले.

व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि विहीणबाईंनी त्यांच्या पाठीवर गुद्दे मारले. मग सगळी पंगत त्या गुद्द्यांना हसली.

माळव्यात मुलीकडच्या बायका पंगतीत व्याह्यांना गाळी, म्हणजे थट्टेची गाणी, गातात. आपल्या मराठी घरांतही विहिणीची गाणी असायची, पण कोणाला पाठ राहिली नाहीत. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दोन्हीचं मिळून हे सुरू केलं, त्याला आता चार वर्षं झाली. नियम दोनच, दोन्ही मी केलेले. चिमटा खरा हवा, म्हणजे खबर त्या माणसाच्या घरातूनच आलेली हवी. आणि खबर कोणी दिली हे कोणी कधी विचारायचं नाही. ज्याच्यावर कडवं होतं तो त्या दिवसापासून घरचा झाला असं आम्ही मानतो. ज्याच्यावर नाही, तो जेवून गेलेला पाहुणा.

येताना कॅटररला सांगून आले की फोडणीत हिंग आधी आणि मोहरी मागून असं चालत नाही. त्याने हात जोडले. लोकांना सांगितलेलं आवडतं, पण सांगणारं कोणी नसतं.

आता ३० तारखेला माझ्या मुलाचं, परागचं लग्न. या वेळी मी विहीण. मला जेवायला बसायचंय, पेटीवर नाही. एकदम लक्षात आलं की उज्जैनात असली गाणी करणारं दुसरं मंडळ नाही. मग माझ्यावर कोण गाणार?

६ नोव्हेंबर, गुरुवार

परागची होणारी सासू, अपर्णाताई, आल्या होत्या. माणूस फार गरीब स्वभावाचं. सोफ्याच्या टोकावर बसल्या, पाणीसुद्धा विचारून प्यायल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "विहीणबाई, पंगतीत तुमच्यावर गाणं तर व्हायलाच पाहिजे. आमची इशिता म्हणते गाण्याशिवाय लग्न नाही. पण आम्हाला तर लिहिता येत नाही. आणि लिहिणाऱ्या तुम्हीच."

मी म्हटलं, "मग मीच लिहिते. त्यात काय."

त्यांना इतकं हायसं वाटलं की पहिल्यांदाच नीट मागे टेकून बसल्या. जयू आणि शर्वरी त्यांच्या बाजूने गातील, शब्द माझे, असं ठरलं. त्यांनी पत्रिका दिली. मजकूर जरा विस्कळीत होता, म्हणून मी बसल्या बसल्या पेन्सिलीने नीट लावून दिला. त्या म्हणाल्या, पाचशे छापून झाल्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी आधी दाखवा. त्यांना एकच मुलगी आहे हे नंतर लक्षात आलं.

९ नोव्हेंबर, रविवार

तासाभरात आठ कडवी झाली. इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. दोन इथे उतरवून ठेवते.

विहीण आमची शिस्तीची, पहाटे पाचला उठे,
तिच्या घरी धुळीचा कण शोधूनही ना भेटे.

विहीण आमची सुगरण, आग्रह करी फार,
तिच्या घरी जेवला पाहुणा उठे ना दिवस चार.

यांना वाचून दाखवली. श्रीधरराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा पेपर दुपारपर्यंत पुरवतात. पेपरामागूनच म्हणाले, "छान आहे. घडी अगदी नीट बसलीय." मी विचारलं, हसू नाही आलं? म्हणाले, मनातल्या मनात आलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

जयूकडे तालीम. शर्वरीने आठही कडवी गाऊन दाखवली. एकदाही कोणी हसलं नाही. शेजारच्या बाई ऐकायला बसल्या होत्या, त्या हात जोडून म्हणाल्या, किती गुणाच्या आहेत हो तुम्ही.

जयू ढोलक खाली ठेवून म्हणाली, "रजनीताई, राग नका मानू, पण हा तर सत्कार झाला. शाल-श्रीफळच बाकी राहिलं. यात चिमटा कुठे आहे?"

मी म्हटलं, मग सांग तू माझी एखादी चूक, घालते कडव्यात. शर्वरी चहा ठेवायला आत गेली. चहा नुकताच पिऊन झाला होता. जयू लागलेली ढोलक पुन्हा लावायला लागली. मी सांगितलं, चढी लावतेयस. तिने उतरवली.

मनाला लागलं. फ्रीगंजातल्या व्याह्यांवर एका ओळीत लिहिते आणि स्वतःवर आठ कडव्यांत एक ओळ खरी निघत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नियम म्हणजे नियम. खबर घरातूनच यायला हवी. म्हणून आज घरात सरळ विचारलं.

पराग म्हणाला, "आई, तुझ्यात काय चूक असणार," आणि त्याला ऑफिसचा फोन आला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. यांना विचारलं तर हे पिशवी घेऊन उठले, म्हणाले कोथिंबीर आणतो. कोथिंबीर सकाळीच आली होती, मी निवडून फडक्यात गुंडाळून ठेवली होती. तरी गेले आणि तासाभराने आणखी एक जुडी घेऊन आले. दांड्या जून होत्या, ते मी दाखवलं.

माझ्याबद्दल कोणाची तक्रारच नाही, याचा आनंद व्हायला हवा. होत नाहीये. दिवसभर सासूबाई आठवत होत्या. माझ्या लग्नात त्यांच्यावर कोणी गायलं नाही. घर मोठं, नाव मोठं, कोणाची टाप नव्हती. त्यानंतर वीस वर्षं त्या माझ्या माहेरी यायच्या तेव्हा त्यांना चांगल्या कपात चहा मिळायचा आणि त्या आल्या की सगळे हळू बोलायचे. एकदा देवासला माझ्या माहेरच्या दारात उभ्या असताना आतून हसण्याचा आवाज येत होता. त्या आत आल्या आणि हसणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ती नजर मला तेव्हा कळली नव्हती.

मला इशिताच्या माहेरी चांगला कप नको आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जयूला फोन करून सांगितलं, परागच्या लग्नात गाणं नाही. ती म्हणाली, असं कसं? मी म्हटलं, खबर नाही तर गाणं नाही. फोन ठेवल्यावर रडले थोडी. मग पडदे धुतले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भैरवगढला जाऊन आले. घरी सांगितलं साड्या बघायला जाते. खरं म्हणजे इशिताला विचारायचं होतं की तुमच्याकडून कोणी एक तरी कडवं लिहील का. विहिणीने स्वतःचं गाणं स्वतः मागायचं ही काय रीत झाली? ऑटोत तीनदा वाटलं परत फिरावं.

इशिता तिथल्या एका छपाईच्या कारखान्यात डिझाइनचं काम बघते. लांब टेबलांवर कापड ताणलेलं, रंगाचा वास, आणि दिलीपभाई म्हणून एक छीपा, म्हणजे कापड छापणारे कारागीर, लाकडी ठसा उचलून थाप, उचलून थाप असं करत पुढे सरकत होते. बघत राहावं असं काम. पण त्यांची थाप एका लयीत पडत नव्हती, तीन सारख्या आणि चौथी उशिरा. मी दोन मिनिटं गप्प राहिले. मग सांगितलं, भाई, मनात मोजा, एक-दो-तीन-चार, हात आपोआप बसेल. हातात ठसा घेऊन दाखवलंसुद्धा. माझा ठसा जरा तिरका पडला, पण लय बरोबर होती.

दिलीपभाई शांतपणे म्हणाले, "दीदी, तीस साल से छाप रहा हूँ। चौथे पे रंग लेना पड़ता है।"

मी म्हटलं, तरी मोजत जा.

इशिता रंगाच्या पत्र्याच्या ट्रेकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. वाटलं शिंक येतेय, रंगाने येते पुष्कळांना.

मग बाहेर ओट्यावर बसलो. मला विषय काढायला जमेना. मी तिला ओढणी पिन कशी करायची ते दाखवलं. शेवटी तीच म्हणाली, "आई, जयूमावशींनी फोन केला होता. गाणं कॅन्सल का केलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चांगल्या कपाचंसुद्धा. या मुलीसमोर मला खोटं बोलता येत नाही, का ते कळत नाही.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "मी लिहू? पण खरं लिहीन हां. तुम्ही रागावाल तर आत्ताच सांगा."

मी म्हटलं, नाही रागावणार. इथे खरं लिहिते: रागावेन असं वाटतं. भीती वाटतेय. तरी घरी येताना ऑटोवाल्याशी मी गप्पा मारत होते आणि बरं वाटत होतं. त्याला गिअर कधी बदलायचा तेही सांगितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दोन्ही घरं मिळून चिंतामण गणेशाला पत्रिका ठेवून आलो. संध्याकाळी रामघाटावर आरतीला. गर्दी होती, दिवे पाण्यात उतरलेले, प्रसन्न वाटलं. फक्त घंटा वाजवणारा फार घाईत होता. सगळी आरती त्याच्या मागे धावत होती. संपल्यावर मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, भय्या, लय पळतेय, उद्या पहिल्यापासून सावकाश धरा. त्याने विचारलं, आप पंडितजी के घर से हैं? मी म्हटलं, नाही, संगीताची शिक्षिका.

वळून पाहिलं तर हे आणि इशिता वरच्या पायरीवर बसून काही बोलत होते. ती मोबाइलमध्ये भराभर लिहून घेत होती आणि हे हाताने काहीतरी उंची दाखवत होते, खाली, वर, पुन्हा खाली. मी जवळ गेले तर दोघं गप्प झाले. हे म्हणाले, स्टेजची उंची सांगत होतो. मी सांगितलं, दोन फूट पुरे.

चौतीस वर्षांत मी यांना कोणाशी इतका वेळ बोलताना पाहिलं नव्हतं. सुनेशी पटतंय, बरं आहे.

गाण्याबद्दल इशिता एक अक्षर बोलत नाही. मी विचारणार नाही. दोनदा विचारलं, ती हसली.

१ डिसेंबर, सोमवार

काल लग्न झालं. सगळं नीट झालं, आणि जे नीट झालं नाही तेच लिहायचं आहे.

मुहूर्त सकाळी अकराचा. भटजींनी पहिला ओंकार म्हटला तो बराच खाली गेला, तेव्हा मी हळूच वरचा सूर दिला, एवढंच. साडेबाराला पंगत बसली. माझ्या ताटाभोवती रांगोळी, समोर चांदीची वाटी, शेजारी हे. अपर्णाताई वाढत होत्या. समोर जयू ढोलक घेऊन, शर्वरी, आणि मधे चक्क नवरी. इशिता शालू खोचून, मुंडावळ्या मागे टाकून, हातात माइक घेऊन उभी. मी भात नुसता कालवत बसले. इतक्या पंगतींत मी समोरच्यांची तोंडं पाहिली, पण ते ताटावर बसून काय वाटतं हे मला माहीतच नव्हतं.

शर्वरीने सूर धरला आणि इशिताने सुरू केलं:

विहीण आली मांडवात, भटजी गेले थांबून,
ओंकाराचा सूर तिने घेतला दुरुस्त करून.

हे तर त्याच सकाळचं होतं. पंगतीत खसखस पिकली, पण दबकत. सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. पुढचं:

ठसे मारी छीपा दादा, तीस वर्षं झाली त्याला,
विहीण म्हणे, "आणा इकडे, शिकवते मी तुम्हाला."

रामघाटी आरतीला घंटा वाजे घणाघणा,
विहीण म्हणे, "लय पळतेय, पुन्हा पहिल्यापासून म्हणा."

माझे कान तापले होते. खरं सांगायचं तर शब्द नीट आत जातच नव्हते. मला एवढंच कळत होतं की सगळे बघतायत, आणि जयू घाबरलीय. जयू घाबरली की तिची ढोलक धावते, हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. तिसऱ्या कडव्यावर ती इतकी पुढे गेली की शर्वरीला श्वास घ्यायला जागा उरली नाही. चांगलं गाणं डोळ्यांदेखत वाया जात होतं. मला राहवेना. मी उष्टा हात वर केला आणि मोठ्याने म्हटलं, "जयू, लय पळतेय. पुन्हा पहिल्यापासून म्हणा."

ढोलक थांबली. इशिताचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं माझ्या साडीवर कढी सांडलीय, मी खाली बघितलं.

मग अपर्णाताई हसल्या. त्याच, सोफ्याच्या टोकावर बसणाऱ्या. हातातलं श्रीखंडाचं भांडं खाली ठेवून, माझ्या पाटाशेजारी बसकण मारून, पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि त्यांच्यामागून सगळा मांडव फुटला. पराग गुडघ्यांत डोकं घालून हसत होता. भटजी हसत होते. मी यांच्याकडे वळून विचारलं, "काय झालं काय?" यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, "रजनी, तू तुझं कडवं म्हणून दाखवलंस."

तेव्हा कळलं. दिलीपभाई, घंटावाला, कॅटरर, पाचशे पत्रिका, कोथिंबिरीच्या दांड्या, सगळे एका रांगेत डोळ्यांसमोर उभे राहिले. एक क्षण लाज वाटली, फार वाटली. मग पोटातून असं हसू आलं की मला उचकी लागली. अपर्णाताईंनी न विचारता माझ्या पाठीत गुद्दा मारला, चांगला जोरात.

आणि इशिताने खरोखरच पहिल्यापासून घेतलं. या वेळी जयू अगदी लयीत होती. शेवटचं कडवं अख्ख्या पंगतीने उचललं:

नवरा घोरे रात्रीचा, हलवून उठवी त्याला,
"खर्जातल्या सा ला घोरा हो, पंचम कशाला लावला?"

खबर कोणी दिली हे विचारायचं नाही, हा नियम माझाच. मी विचारलं नाही. हे जिलबी इतक्या मन लावून खात होते की मान वर करायलासुद्धा यांना वेळ नव्हता. घाटावर दाखवत होते ती स्टेजची उंची नव्हती, एवढं मला आता कळलं.

निघताना अपर्णाताईंनी चहा दिला. घाईत कप सापडले नाहीत म्हणून स्टीलच्या पेल्यात. त्यांनी स्वतः पण पेल्यातच घेतला आणि माझ्या खांद्याला टेकून बसल्या. इतकी सुखी मी स्वतःच्या लग्नातही नव्हते.

२ डिसेंबर, मंगळवार

सुनेची आमच्या स्वयंपाकघरातली पहिली सकाळ. पाचला उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. इशिताने चहा केला होता. जास्त उकळलेला, आलं आधी टाकलेलं. तोंडावर आलेलं मी गिळलं. परवाच्या कडव्यांनंतर आता मी बदलायचं ठरवलंय. दोन घोट गप्प बसून प्यायले. यांनी पेपर खाली करून माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि विचारलं, बरं नाही का?

इशिता ओट्याला टेकून बघत होती. म्हणाली, "आई, गिळू नका. बोलून टाका. नाहीतर मला वाटेल मी पाहुणी आहे."

मग बोलले. आल्याबद्दल, उकळीबद्दल, झाकणाबद्दल, आणि गाळणी कुठे टांगायची तेही. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा मान हलवली. मन मोकळं झालं, म्हणून मी लग्नातल्या लाडवांचा डबा उघडला.

तिने शांतपणे हात पुढे केला. "आता मी सांगू? बाबा म्हणाले तुमची शुगर दोनशेच्या वर आहे. परवा पंगतीत दोन झाले, काल संध्याकाळी एक. मी मोजलेत. डबा इकडे द्या."

पेपर जागच्या जागी थांबला. पराग दारातून आत येत होता, तो तिथेच उभा राहिला. चौतीस वर्षांत या घरात मला कोणी "इकडे द्या" म्हटलं नव्हतं. आईने म्हटलं असेल, देवासला, लहानपणी.

दोघांना वाटलं आता मी काही बोलेन. मी डबा मुकाट्याने तिच्या हातात दिला. बोलता येणारच नव्हतं. चौथा तोंडात होता.